कोटाच्या आतलं कापड

मास्तर: ओढतेयस.

ताई: काय ओढतेय?

मास्तर: कापड. पाठीमागून. सुईला तिचं काम करू दे.

ताई: तू भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडलायस. तुला काय दिसतं?

मास्तर: दिसत नाही, ऐकू येतं. कापड आपलं आपण सरकत असलं की मशीन गातं. आत्ता कण्हत होतं.

ताई: ते माझ्या लग्नातलं आहे, कण्हणारच. बरं, सोडला हात. आता?

मास्तर: आता ठीक. पण मागचं तेवढं उसव.

ताई: अख्खी बाही?

मास्तर: ओढलीस तिथून. चुण्या आल्या असतील. उजेडात धरून बघ.

ताई: आल्यात. पण किती बारीक! अंगात घातल्यावर कोण बघतंय?

मास्तर: ताई, कारखान्यात तोंडाकडे कोणी बघत नाही. आधी खांदा बघतात, मग बाही, मग माणूस. सोमवारी मी दारातून आत गेलो की सगळे कात्र्या खाली ठेवून बघतील.

ताई: बघू देत की. आपला कटिंग मास्तर इतक्या महिन्यांनी परत आला म्हणून बघतील.

मास्तर: आजारी माणूस आला म्हणून बघतील. माझे जुने कोट घालून बघितले ना आपण? खुंटीला टांगल्यासारखे दिसतात. आणि मालकाचा निरोप काय? ‘येऊन जा, बघू.’ त्या ‘बघू’नं माझी झोप उडवलीय. कटिंगचं टेबल मला परत देणार की नाही, ते मी दारातून टेबलापर्यंत चालत जाईस्तोवर तो ठरवेल. तेव्हा अंगावर असा कोट हवा, की बोलणं कोटाबद्दल व्हावं, माझ्या पोटाबद्दल नाही.

ताई: म्हणून तर जिवाचा आटापिटा चाललाय. जन्मभर उशांचे अभ्रे शिवले, पोरांचे झगे शिवले, आणि आता या वयात एकदम कोट! तोही कोणाचा? ज्यानं माझ्या शिवणाला कधी बरं म्हटलं नाही त्याचा.

मास्तर: म्हटलंय.

ताई: ‘घरगुती’ म्हणायचास. आणि नाक असं वर.

मास्तर: घरगुती म्हणजे वाईट नव्हे. घरगुती म्हणजे शिवणाऱ्याला घाई आहे. एक डोळा गॅसवर आहे.

ताई: दोन्ही डोळे गॅसवरच असायचे. शिवण आपलं हातानं, अंधारात चालल्यासारखं. उसवलं बघ. परत घालते शिलाई.

मास्तर: हळू. पायाखाली रस्ता आहे असं समज आणि तुला कुठेच पोचायचं नाहीये.

ताई: हे बरंय. कुठेच पोचायचं नाही. असं आयुष्यात मला कोणी सांगितलं नव्हतं.

मास्तर: हां. आता गातंय.

ताई: तुला झोप येतेय.

मास्तर: गोळ्यांची. आणि या आवाजाची. आई शिवायची तेव्हा मी मशीनखालीच झोपायचो. पायडल वर-खाली, वर-खाली. वाटायचं बोटीत आहोत.

ताई: आणि ती तुझ्या अंगावर चिंध्या टाकायची. उठलास की बाजारपेठ भरल्यासारखा दिसायचास. झाली शिलाई.

मास्तर: इस्त्री.

ताई: शेवटी एकदमच करते ना सगळी.

मास्तर: तिथेच तर सगळं घोडं अडतं. प्रत्येक शिलाईनंतर इस्त्री, मगच पुढची शिलाई. आधी शिलाई मिटलेली असतानाच दाब, मग उघडून दाब. आणि फिरवू नकोस. ठेव, उचल. ठेव, उचल. वर ओलं फडकं.

ताई: अगंबाई, काय वाफ आली! लोकरीचा वास बघ. ओली मेंढरं दारातून आत आल्यासारखी.

मास्तर: आता तो लाकडी ठोकळा ठेव त्याच्यावर. दाबून धर. वाफ आतच मुरू दे.

ताई: किती वेळ?

मास्तर: गार होईस्तोवर.

ताई: आणि तोवर मी काय करू?

मास्तर: काही नाही. खिडकीबाहेर बघ.

ताई: बघते. समोरच्या बाईनं पडदे धुतलेत. वाऱ्यानं आत-बाहेर, आत-बाहेर चाललेत. घर श्वास घेतंय असं वाटतं. मास्तर, मला हे आवडायला लागलंय रे. इतकी वर्षं मागे लागले, शिकव, शिकव. तुला वेळच नव्हता. आणि आता तू पडलास तेव्हा मला शिकायला मिळतंय. याला काय म्हणावं? मनातल्या मनात लाज वाटते.

मास्तर: लाज कसली? हातात कात्री धरली की माझा हात थरथरतो. मग दुसऱ्या कोणाचा तरी हात हवाच. उचल ठोकळा. काय दिसतं?

ताई: शिलाई कुठेय? अरे, शिलाईच नाहीये! कापडावर नुसती रेघ आहे, कोणी नखानं ओढल्यासारखी. हे मी केलं?

मास्तर: वाफेनं केलं आणि तू धीर धरलास. आण इकडे. बाही कच्च्या टाक्यानं जोड, अंगात घालून बघू. खांद्यावर कापड ओढू नकोस, जरा जास्तीचं असेल ते हातानं मुरव. बाळाला कुशीत घेतो तसं गोल धर.

(हातशिलाई चालू. ताई दातानं दोरा तोडते.)

ताई: उठतोस? हळू. माझ्या खांद्याला धर. घाल हात. दुसरा. सरळ उभा राहा रे, आरसा तुला खाणार नाही.

मास्तर: खांदा चांगलाय.

ताई: काय म्हणालास?

मास्तर: खांदा चांगला बसलाय. बाहीसुद्धा.

ताई: परत म्हण. खिडकी उघडते, शेजारच्यांनाही ऐकू जाऊ दे.

मास्तर: थांब. हे काय? कुशीच्या शिलाईत. इथे कमरेशी. आत काहीतरी आहे.

ताई: कुठे काय?

मास्तर: इथे. दोन्ही बाजूंना. बाहेरून उंचवटा दिसतोय, वळणावर कापड ताणलंय. आत कापड किती ठेवलंयस?

ताई: थोडं.

मास्तर: थोडं म्हणजे?

ताई: असेल तीनेक बोटं. तू काल झोपला होतास तेव्हा शिवलं ना ते.

मास्तर: ताई! तीन बोटं? मी अर्धं बोट सांगितलं होतं. पाठीला?

ताई: पाठीला पण तेवढंच.

मास्तर: काढ. उतरव कोट आणि काप ते सगळं. कमरेशी वळण आहे, तिथे इतकं कापड वळतच नाही. कितीही इस्त्री मार, दिसणार ते दिसणारच. याला म्हणतात घरगुती. बघ, आता मी नाक वर करूनच म्हणतोय.

ताई: कर वर. मी नाही कापणार.

मास्तर: का?

ताई: का ते तुला माहितीय.

मास्तर: बोल तरी.

ताई: तू भरशील परत. अंग धरशील. मग हा कोट आवळ होईल आणि तेव्हा आत कापड नसेल तर मी काय करू?

मास्तर: डॉक्टरनं काय सांगितलं, तू होतीस ना समोर? अर्धं पोट काढलंय. वजन कदाचित वाढेल, कदाचित आहे तेच राहील. ‘कदाचित’ हा शब्द त्यानं कितीदा वापरला.

ताई: वाढेल, हेही म्हणाला तो. मी तेवढंच घरी घेऊन आले.

मास्तर: आई अशीच करायची. माझ्या चड्डीला आत इतकी दुमड, की पळताना मांडीला घासायची. तुझ्या झग्यांना खाली दरवर्षी दुमड उसवल्याची एकेक फिकी रेघ. पोरं म्हणायची, ही बघा रेघांची राणी आली. मी तेव्हाच ठरवलं होतं, मोठेपणी शिवायचं तर आत काही न ठेवता शिवायचं. आज आहे त्या मापाला.

ताई: मला त्या रेघा आवडायच्या. मी मोजायची. इतकी वाढले, इतकी वाढले.

मास्तर: मी काही आता वाढणारा मुलगा नाही. सोमवारी मी हा असाच जाणार आहे, एवढाच. हाडं आणि वर शर्ट. कोट या माणसाचा हवा. तुझ्या मनात आहे त्या माणसाचा नको.

ताई: आणि त्याच्या पुढच्या सोमवारी?

मास्तर: मला माहीत नाही. खरंच नाही माहीत. पण आशा कापडात भरून शिवत नाहीत, बाहेरून फुगवटा दिसतो.

ताई: मला भीती वाटते रे. कात्री हातात घेतली की वाटतं, मी हे कापलं म्हणजे मीच कबूल केलं. तू एवढाच राहणार हे मी माझ्या हातानं ठरवलं.

मास्तर: तू काही ठरवत नाहीयेस. तू शिलाई करतेयस.

ताई: तुझ्यासाठी ती शिलाई असेल.

मास्तर: ताई, मला तिथे जाऊन उभं राहायचंय. ताठ. मला माझं टेबल हवंय. त्याहून जास्त मी या घडीला काहीच मागत नाहीये. तू नाही कापलंस तर मी कापेन, आणि माझा हात थरथरून कोट वाया जाईल.

ताई: झोप तू. चेहरा बघ कसा पांढरा पडलाय. पांघरूण घे. मी कापते.

मास्तर: वळणाला छोटे छोटे छेद दे. म्हणजे कापड उघडेल.

ताई: देते.

मास्तर: आणि रडत कापू नकोस. डाग पडतो.

ताई: गप झोप.

(कात्रीचा आवाज. थांबतो. पुन्हा सुरू होतो. मग वाफेचा फुस्कारा. ऊन पलंगावरून जमिनीवर उतरतं.)

मास्तर: ताई.

ताई: जागा झालास? किती वेळ हसत होतास झोपेत.

मास्तर: मी कारखान्यात होतो. पण तिथे मोठ्या खिडक्या होत्या, आपल्या शाळेला होत्या तशा. सगळीकडे ऊन. टेबलावर हे करडं कापड पसरलेलं, लांबच लांब, त्याचं दुसरं टोक दिसतच नव्हतं. आणि मी हा कोट घालून त्याच्या कडेनं चालतोय.

ताई: बसला होता का नीट?

मास्तर: नाही ना. लागतच नव्हता. मी जाडा झालो होतो, ताई. पोट सुटलं होतं मला. बटण ओढतोय, काजापर्यंत येतच नाहीये. श्वास घेतला की पाठीत कापड कुरकुरायचं. मालक समोर उभा, पोरं बघतायत, इतका वाईट बसलेला कोट त्या कारखान्यात कधी कोणी घालून आला नसेल. आणि मी नुसता हसतोय. इतका आनंद झाला होता मला. बटण लागत नाही, बटण लागत नाही, म्हणून सगळ्यांना दाखवत सुटलो होतो.

ताई: मग?

मास्तर: मग म्हटलं, थांबा, ताईकडून सैल करून आणतो. आणि जागा झालो.

ताई: पाणी देऊ?

मास्तर: कापलंस?

ताई: कुशी कापल्या. दोन्ही. छेद दिले, दाबल्या, ठोकळा ठेवून गार केल्या. आरशासारखं सपाट झालंय, हात फिरवून बघ. तूच खरा होतास. इतकं चांगलं माझ्या हातून कधी झालं नव्हतं, आणि मला रडूच आवरेना.

मास्तर: आणि पाठ?

ताई: पाठ राहिलीय. तेवढी कापली की अस्तर लावायला घेते. सोमवारच्या आत होतं बघ.

मास्तर: पाठीची शिलाई सरळ असते.

ताई: हो. मग?

मास्तर: सरळ शिलाईत कापड वळायचा प्रश्न नसतो. नीट दाबलं, कडा तिरप्या कापून पातळ केल्या, तर बाहेरून दिसत नाही. वर अस्तरही ताणून लावायचं नाही, पाठीत एक घडी सोडायची. मोठमोठे शिंपीसुद्धा सोडतात तिथे थोडं.

ताई: सकाळी तर म्हणाला नाहीस.

मास्तर: सकाळी मी झोपलो नव्हतो.

ताई: मालकानं आत हात घालून बघितलं तर?

मास्तर: बघू दे. विचारलं तर सांगेन, मी सांगून ठेवून घेतलंय.

ताई: किती ठेवू?

मास्तर: दोन बोटं.

ताई: तुझी की माझी? तुझ्या तर नुसत्या काड्या झाल्यात.

मास्तर: तुझी. तुझ्या बोटांनी मोज.