आवाज कमी, धार तीच

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, वाद्यवृंदातले माझे सोबती, जमलेले रसिक, आणि आज निवृत्त होणारे आपले ज्येष्ठ गिटारवादक अण्णा,

सत्काराच्या भाषणात गोड बोलायचं असतं. पण मी अण्णांच्या शेजारच्या खुर्चीवर वर्षानुवर्षं गिटार वाजवली आणि तेवढाच काळ त्यांच्यावर जळलो. हे झाकून त्यांना हार कसा घालू?

आमची मुख्य गायिका माझी पत्नी आहे, हे आपण जाणताच. ती गायला लागली की गिटारचा आवाज उतरवावा लागतो. मी बटण मागे फिरवलं की माझी गिटार उशीखाली दाबल्यासारखी घुमी व्हायची. अण्णांची मात्र हळू वाजूनही लख्ख! घरी जेवताना पत्नी म्हणायची, अण्णांची तार ऐकू येते म्हणून सूर धरता येतो. आता सांगा, माझा घास खाली कसा उतरावा?

शेवटी एका तालमीत विचारलंच. वाटलं, टाळतील. त्यांनी तर गिटारच उघडून दाखवली.

"आवाज कमी केला की वरचे तेज सूर आधी दबतात," ते म्हणाले. "बटणाखालचा हा एवढासा कपॅसिटर त्यांना बटणाला वळसा घालून पुढे जायला वाट देतो."

माझ्या गिटारमध्येही त्यांनी तो स्वतः बसवला. आवाज फार किरकिरा झाला, तेव्हा हातातला चहा बाजूला ठेवून जोडीला एक रेझिस्टर डकवला. ज्याच्यावर जळायचं, तो माणूस निदान कंजूष तरी असावा की नाही?

पुढच्याच कार्यक्रमात अण्णांनी तारांवरून हात काढून घेतला. मी एकटा वाजवत होतो, अगदी हळू, आणि तार न् तार स्वच्छ. गाता गाता पत्नी सुखावून वळली, ती अण्णांकडे. त्यांनी मानेनंच माझ्याकडे खूण केली. ती हसली, पण ते हसू आधी तिकडे जाऊन मग माझ्याकडे आलं होतं. मी ते अजून विसरलेलो नाही.

काल ती म्हणाली, "आता तुझ्या भरवशावर गायचं." इतकी वर्षं हेच ऐकायचं होतं, आणि ऐकलं तर धास्तीच वाटली. अण्णा, कमी पडलो की तुमच्यावर जळता यायचं. उद्यापासून कोणावर जळू?

आपण शांतपणे ऐकलंत, आयोजकांनी बोलू दिलं, मनापासून आभार. जीभ कुठे घसरली असेल तर पोटात घाला. अण्णा, तुम्हीसुद्धा.