हौशा पन्नासाव्या फेरीला थांबला

आमचं मूळ गाव आता पाण्याखाली हाय. धरण झालं तवा आमचा बा उरलंसुरलं डोक्यावर घेऊन ह्या माले गावाला आला, आन माझा जलम मग माल्यातच झाला. काय सांगू ताई तुमाला, जमीन म्हणाल तर चार खाचरं भाताची, तीबी डोंगराच्या कडंला, त्यामुळं ल्हानपणापासनं मला दोनच गोष्टी येत व्हत्या, बैल हाकणं आन गप बसणं. बैल हाकण्यात मी बरा व्हतो. गप बसण्यात तर आसपासच्या गावांत माझ्या तोडीचा कुणी न्हवता. आमच्या कोंडाबाईलाच इचारा, लगीन ठरताना तिच्या आयनं दोनदा चौकशी केली व्हती, नवरदेव मुका तर न्हाई ना म्हणून.

तर आमच्या वड्यावर सरकारनं पूल बांधायचं काढलं. त्याआधी पावसाळा लागला की पलीकडची शाळा बंद, बाळंतीण अडली तर पौडाच्या दवाखान्यात न्यायची सोय न्हाई. मला माझ्या बैलासकट, हौशा त्याचं नाव, कंत्राटदारानं चुन्याच्या घाणीवर घेतला. घाणी म्हंजे जमिनीत दगडानं बांधल्याला गोल चर, त्यात भिजवल्याला चुना आन वाळू, वर दगडाचं जाड चाक, आन ते बैलानं वढायचं. फिरंल तसा चुना लोण्यावानी व्हतो. एका घाण्याला दोनशे फेऱ्या, असं सरकारी वरशेरानं, म्हंजे कामावर देखरेख ठिवणाऱ्यानं, पहिल्याच दिशी बजावलं व्हतं. मी कमरंला खडे बांधायचो, दहा फेऱ्या झाल्या की एक खडा बाहेर टाकायचा, इसावा खडा पडला की चुना गवंड्याकडं.

पंधरा दिस नीट चाललं. मग त्या वरशेराची बदली झाली, नवा यायचा व्हता, आन कंत्राटदाराचा मुकादम मला म्हणाला, पाच खडे पुरं झाले, गवंडी खोळंबल्यात. मी म्हनलो, चुना कच्चा ऱ्हाईल. तो म्हणाला, तुला बैल हाकायला ठेवलाय का पूल बांधायला? आता ह्याला मी काय बोलणार, गप बसलो, ते तर माझं हातखंडा काम.

पर जीवाला चैन न्हाई. दोनदा पौडाला ग्येलो मोठ्या सायबाला सांगाया, पायी. पहिल्या खेपेला कचेरीसमोर चहा प्यालो आन परत आलो. दुसऱ्या खेपेला आत ग्येलो, शिपायानं इचारलं काय काम हाय, मी म्हनलो, पाणी मिळंल का. पाणी पिऊन परत आलो. कोंडाबाई म्हणाली, तिसऱ्यांदा जाल तवा जेवूनच या.

तिसऱ्यांदा जायची पाळीच आली न्हाई, मोठे रावसाहेबच पाहणीला आले. मुकादमानं सकाळीच दम दिला, आज दोनशे फेऱ्या झाल्या पाहिजेत. मी व्हय म्हनलो. सायब घाणीशी उभे, मुकादम त्यांच्यावर छत्री धरून, मी खडे टाकतोय, एक, दोन, तीन, आन पाचवा खडा पडला तसा हौशा जागच्या जागी थांबला. दीड महिना तितंच थांबायची सवय त्याच्या अंगात मुरल्याली. मी हाकलं, शेपटी पिरगाळली, ढिम्म हालंना. सायब म्हणाले, का थांबला हा? मुकादम म्हणाला, आळशी हाय जी, मालकावर ग्येलाय. समदे हसले. मीबी हसलो, सवयीनं. आन हसता हसता समोर बघितलं, तर आमची लेक सुंदरा दप्तर घिऊन त्या अर्ध्या बांधल्याल्या खांबाखालनं शाळंला निघाली व्हती.

मी म्हनलो, रावसायब, बैल आळशी न्हाई. त्याला पन्नासचीच सवय लावलीया.

सायबांनी पहार मागवली. खांबाच्या सांध्यात घातली तर चुना शिळ्या भाकरीवानी झडला. कंत्राटदाराला तितंच हुकूम झाला, समदं पाडायचं आन सोताच्या खर्चानं पुन्यांदा बांधायचं. मग सायब माझ्याकडं वळले, म्हणाले, उद्या तुला हे कामावर ठेवतील का? मी म्हनलो, न्हाई. ते दगडावर बसले आन कागद लिवला, या माणसाला काम पुरं होईस्तोवर काढू नये, काढायचं झाल्यास आधी मला लेखी कारण कळवावं. खाली कंत्राटदाराची सही घेतली, एक प्रत सोताकडं ठेवली, एक मला दिली. दुसऱ्या दिशी मुकादम म्हणालाच, बैल घिऊन चालता हो. मी नुसता कागद फुडं केला. त्यानं वाचला, परत वाचला, आन म्हणाला, मग हुबा का, जुंप की.

गावानं मातुर आठ दिस तोंड फिरवलं, पाडापाडीत गवंडीकाम बंद ऱ्हायलं आन कामावरच्या गावकऱ्यांच्या हाजऱ्या बुडाल्या. सखातात्या, आमचा चुलता, पारावर म्हणायचा, आला बघा सरकारचा जावई. पर पूल झाला, फुडच्या पावसाळ्यात वडा कमानीला लागला तरी दगड हालला न्हाई, आन त्याच पुलावरनं तात्याच्या सुनंला बाळंतपणाला न्हेली. तवापासनं तात्या मला जावई म्हणत न्हाई. सायबांनी जाताना शिफारस केली आन मला रस्त्यावर मैलकुलीची, म्हंजे रस्ता राखणाऱ्या मजुराची, कायमची जागा मिळाली. लोक म्हणतात, जागा हौशाला मिळायची, नाव तुझं लागलं. खोटं कसं म्हणू?

ती नोकरी अजून चाललीया. पर ताई, मला सायब चांगला भेटला. सगळ्यांना भेटंल असं न्हाई. तसला कागद सायबाच्या मर्जीवर नगं, कायद्यातच पायजे, आन दर कामावर भिंतीला लावल्याला पायजे, म्हंजे बोलणाऱ्यानं आधी सायबाचं तोंड बघायला नगं. व्हईल, येक दिस व्हईल. काल आमच्या टोळीतली गंगू दबकत म्हणाली, दादा, कोळवणच्या रस्त्याला खडीखाली माती दडपत्यात, सांगावं वाटतं पर काम जाईल. मी म्हनलो, चल, उद्या पौडाला जाऊ, मी संगं येतो. कोंडाबाईनं आतनं इचारलं, चहाला का पाण्याला? म्हनलो, बोलायला. तर आज सकाळी तिनं दोघांच्या भाकरी बांधल्या, आन तुमी आला तवा आमी निघायच्याच बेतात व्हतो.