विम्याच्या एजंटाशी कमी बोलावं

विम्याच्या एजंटाशी कमी बोलावं, या मताची मी आहे. आपण जे जे बोलतो, त्याचेच हे लोक पैसे लावतात.

माझी सून देवबागला किनाऱ्यावर छोटं हॉटेल काढणार होती. विम्याचा हप्ता झेपला तरच काढायचं, असं घरात ठरलं होतं. तिने कुडाळचा एजंट बोलावला, तशी मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले.

"आजी, छप्पर कसलं?"

"माडाच्या झापांचां."

"समुद्र किती लांब?"

"दिसता तेवढो."

"लाटा आत येतात का हो?"

"माका कित्याक इचारतस? लाटांक इचार."

त्याने हप्ता सांगितला आणि सुनेचा चेहराच पडला. "एवढा?"

"झापांचं छप्पर, समोर समुद्र, त्यात पावसाळ्यातली वादळं. कमी कसा होणार?"

"पण पावसात हॉटेल असणारच नाही!" सून म्हणाली. "इथले सगळे मे संपता संपता खांब, झाप, बाकडी सोडवून घरी नेतात. दसऱ्यानंतर पुन्हा उभं करतात. आई, हे तुम्ही सांगितलं का नाहीत?"

मी तिच्यावर डोळे वटारले. पण एजंटाने पुन्हा हिशेब केला आणि हप्ता चांगलाच खाली आला. आधी हा माणूस कुणाचं पोट भरत होता, देव जाणे.

सून पेन शोधायला लागली. "आई, करूया ना सही?"

"रव गो," मी म्हटलं. "एका वाक्यान हप्तो इतको उतारलो. आणखी दोन वाक्यां बोलान बघूया."