तिन्ही पेल्यांत दादाच

गावच्या सहकारी वायनरीत यंदाच्या वाइनची चव बघायला रांग होती. माझ्यापुढे एक नवराबायको होते, तिथलेच सभासद, स्वतः द्राक्षं पिकवणारे. टेबलामागे एक मुलगी पेले भरून देत होती.

“आंबट आहे. दादाची द्राक्षं पडली असणार यात.”

“अहो, सगळ्या गावाची द्राक्षं एकत्रच टाकीत जातात. त्यातली भाऊजींची तेवढी कशी कळली तुम्हाला?”

“कच्ची तोडायची घाई त्यालाच असते. ताई, दुसऱ्या जातीची द्या.”

“घ्या काका. ही निव्वळ काळ्या द्राक्षांची.”

“पाणचट. वजन वाढावं म्हणून तोडणीआधी पाणी सोडतो तो. म्हणून तर आपली वाइन एवढ्या स्वस्तात जाते.”

“स्वस्त आहे म्हणूनच ही माणसं रांगेत उभी आहेत. जरा हळू बोला.”

“तिसरी बघू. हं. तुरट. हासुद्धा दादाच.”

“पुरे आता. भाऊजींनी यंदा एक घडसुद्धा घातलेला नाही. अंथरुणाला खिळलेत ते. त्यांची द्राक्षं वेलींवरच सुकून गेली.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“कधी सांगणार? त्यांचं नाव काढलं की तुम्ही ताटावरून उठता. आज मात्र घोटाघोटाला तुम्हीच काढताय.”

“काका, चौथी ओतू का?”

“नको. घरी आहे का गं तो, की दवाखान्यात?”