ही सभा विद्वानांची नव्हती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष वैजनाथराव, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्हाला जिना चढताना आज पहिल्यांदा पाहिलं. कसं वाटतंय? दुखत असेल तर पाय सरळ करून बसा, व्यासपीठ आहे म्हणून संकोच करू नका. प्रमुख पाहुण्या प्राचार्या आरतीताई, तुमचा घसा बसला होता म्हणे, आता बरा आहे ना? पंचशीलाबाई, साखर तपासून घेतली का? लेक चालली म्हणून जेवण सोडू नका. उमाबाई, तुम्ही आज इतक्या मागं का बसलात? दम्याचं औषध चालू आहे ना? सोमेश, तू ठणठणीत आहेस, तुला काय विचारायचं. आणि जिला निरोप द्यायला आपण जमलो ती लुंबिनी. तुझी तब्येत मी विचारत नाही, तोंडाकडं बघून कळतेच आहे. समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार, जय भीम, शरणार्थ.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो, मी मन्मथअप्पा. रेणापूरच्या स्टँडसमोर टीव्ही-रेडिओ दुरुस्त करण्यात जन्म गेला. शाळा लवकर सुटली. पुढं जे काही शिकलो ते उघड्या टीव्हीच्या पाठीमागं बसून आणि या वाचनालयातल्या पुस्तकांतून. लुंबिनी सोनकांबळे आमच्या गल्लीतली. लातूरच्या तंत्रनिकेतनात शिकवत होती. आता चेन्नईकडच्या एका मोठ्या कंपनीत रुजू व्हायला निघाली आहे. संयोजक मला म्हणाले, ‘अप्पा, आनंदाचं बोला, पोरीचं नशीब उघडलं.’ मी मान डोलावली. पण माईकसमोर उभं राहून मला खोटं बोलता येत नाही. मला आनंद झालेला नाही.

का नाही, ते विचाराल ना?

लुंबिनीचा भाऊ, पंचशीलाबाईंचा मुलगा, पुण्याला असतो. तो रोज व्हिडिओ कॉल करतो. गुणी मुलगा आहे. पण पंचशीलाबाईंची एकच तक्रार असायची, “बोलतोय तर माज्यासंगं, पर बगून राहिलाय खाली. नजर का चोरतोय हे पोरगं? काही लपवून ठिवलं का?” लुंबिनीनं समजावलं की आई, कॅमेरा फोनच्या वरच्या कडेला असतो आणि माणसाचं तोंड पडद्याच्या मधोमध दिसतं. तो तुझ्या तोंडाकडं बघतो, म्हणून कॅमेऱ्याला खाली बघतोय असं दिसतं. पंचशीलाबाई म्हणाल्या, “मंग कॅमेरा मधी बसव की. मास्तरीण कशाला झालीस?”

दुसरी कुणी असती तर हसून सोडून दिलं असतं. हिनं मनावर घेतलं. कॅमेरा पडद्याच्या मागं, बरोबर मधोमध बसवायचा. पण मग पडद्यातून उजेड मागं गेला पाहिजे, आणि त्याच जागी चित्रही उमटलं पाहिजे. म्हणजे पडद्यात मधेमधे उजेड आरपार जाईल अशा जागा सोडायच्या. मोठ्या कंपन्यांनी हे करून पाहिलेलं होतं, पण मागच्या कॅमेऱ्याला चित्र धुरकट दिसायचं, दिव्याभोवती रेघा फुटायच्या. लुंबिनी सुट्टीच्या दिवशी माझ्या दुकानात येऊन बसायची, हैदराबादच्या एका प्रयोगशाळेतून पडद्याच्या काचेवर थर चढवून आणायची, लावून बघायची आणि खराब निघाली की पुसलेल्या काचेसारखं कोरं तोंड करून दुसरी आणायला जायची. अशा किती काचा वाया गेल्या, मी विचारलं नाही. आणि एक दिवस तिनं मला काचेसमोर बसवलं, तिच्या आईला फोन लावला. पलीकडून पंचशीलाबाई म्हणाल्या, “अप्पा, आज लई सरळ बगून राहिलात.” पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता आपली रीत काय आहे? कुणाचं चांगलं झालं की दुसऱ्या दिवशी शाल, श्रीफळ, हार. यात वाईट काय आहे? माझ्या मते काहीच नाही. पोरगी म्हणाली होती, “काका, अजून पेटंटचा अर्ज करायचाय, थोडं थांबा.” वैजनाथरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “अर्ज कर की, कोण नको म्हणतंय? आधी सत्कार.” अध्यक्ष, मी तुम्हाला टोचत नाही. तुमच्या जागी या सभागृहातला कुणीही हेच म्हणाला असता.

तर याच सभागृहात सत्कार झाला. खुर्च्या कमी पडल्या होत्या. लुंबिनी दोन शब्द बोलून बसणार होती, पण सगळ्यांनी आग्रह धरला, केलं काय ते नीट सांग, आम्हाला समजेल असं सांग. आणि बाई, तू सांगितलंस. काय सांगितलंस. म्हणालीस, पडद्यावरचे दिवे म्हणजे रांगोळीचे ठिपके, आणि दोन ठिपक्यांमधली मोकळी जागा म्हणजे उजेडाची वाट. सगळ्या मोकळ्या जागा एकसारख्या, एका ओळीत ठेवल्या तर उजेड त्यातून जाताना फाटतो. म्हणून मी त्या वेड्यावाकड्या ठेवल्या, एकीसारखी दुसरी नाही. आणि शेजारच्या दिव्याचा रंग त्या वाटेत सांडू नये म्हणून प्रत्येक जागेच्या कडेला काळा थर दिला.

तेव्हा पहिल्या रांगेतून उमाबाई उठल्या. आठवतं ना सगळ्यांना? म्हणाल्या, “म्हंजी डोळ्याला काजळ घालतो तसं की गं. रंग आत उतरू न्हाई म्हणून काठाला काजळ.”

लुंबिनी म्हणाली, “हाव मावशी, अगदी तेच.”

केवढ्या टाळ्या पडल्या. काच हातोहात मागपर्यंत फिरली. सोमेशनं सगळं चित्रित केलं आणि संध्याकाळच्या आत इंटरनेटवर टाकलं. निलंग्यापासून अर्धापूरपर्यंत लोकांनी बघितलं.

अर्ज त्यानंतर काही महिन्यांनी गेला. मग वाट पाहणं. मग पेटंट कार्यालयाचा तपासणी अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की ही युक्ती अर्जाच्या आधीच लोकांसमोर उघड झालेली आहे, आणि पुरावा म्हणून सोमेशचा व्हिडिओ. कायदा असा आहे म्हणे, की जी गोष्ट अर्जाआधीच जगाला ठाऊक झाली, ती नवी राहत नाही. स्वतः करणाऱ्यानं सांगितली असली तरीही.

सुनावणी व्हिडिओ कॉलवरच झाली. लुंबिनी माझ्या दुकानात बसली होती, कारण तिच्या घरी नेट नीट चालत नाही. मी बाजूला होतो. तिचे पुण्याचे वकील म्हणाले, साहेब, चित्रफितीत नुसता समारंभ आहे, एवढ्यावरून कुणी पडदा बनवू शकणार नाही. अधिकारी शांतपणे म्हणाले, “समोरची एक श्रोती ते ऐकून स्वतःच्या शब्दांत परत सांगते आहे, आणि बरोबर सांगते आहे.”

उमाबाई, मान वर करा. तुम्हाला समजलं, यात तुमची काय चूक? समजावं म्हणूनच तर ती सांगत होती.

मग वकिलांनी शेवटची वाट काढली. कायद्यात एक सवलत आहे. शोध लावणाऱ्यानं आपला निबंध विद्वानांच्या सभेपुढं वाचला असेल आणि वर्षाच्या आत अर्ज केला असेल, तर ते उघड करणं धरत नाहीत. वर्षाच्या आत अर्ज तर केलेलाच होता. वकील म्हणाले, हे वाचनालय आहे, इथं व्याख्यानं होतात, ही विद्वत्सभाच समजा. मला वाटलं, सुटली पोरगी.

अधिकाऱ्यांनी विचारलं, “सभेला कोण कोण होतं?”

लुंबिनी खोटं बोलली नाही. म्हणाली, “शेतकरी होते, केळीचे व्यापारी होते. शिक्षक होते. आई होती. शेजारच्या बायका होत्या.”

“निबंध वाचला होता?”

“नाही सर. बोलले.”

अधिकारी वाईट माणूस नव्हता. म्हणाला, “तुम्ही फार सुंदर समजावून सांगितलंत, मॅडम.” आणि काही दिवसांनी अर्ज नामंजूर झाल्याचा आदेश आला. ही सभा विद्वानांची नव्हती, असं त्यात लिहिलं आहे.

मी त्या आदेशाचा खूप विचार केला. आपण समजण्याइतके शहाणे निघालो म्हणून अर्ज पडला, आणि विद्वान म्हणण्याइतके शहाणे नाही म्हणून वाचला नाही. भांडायचं कुणाशी? कायद्याशी? वैजनाथरावांच्या मायेशी? सोमेशच्या हौसेशी? मी शोधून थकलो, मला दोषी माणूस सापडला नाही. सापडला असता तर बरं झालं असतं, दोन शिव्या देऊन झोप तरी लागली असती.

सोमेश, कॅमेरा बंद करू नकोस, चालू राहू दे. आता लपवायला काय राहिलंय?

अपील करा असं मी म्हणालो. लुंबिनी म्हणाली, “अप्पा, आता मला सहन होत नाही.” तिचा अर्ज सगळ्यांना वाचायला खुला आहे. या कंपनीनं तो वाचला आणि वाचूनच हिला बोलावलं. उजेडाच्या त्या वेड्यावाकड्या वाटा आता कुणीही वापराव्यात. आणि तिथं ही नवं जे काही शोधेल ते कंपनीच्या नावावर लागेल. करारात आणखी एक कलम आहे. कामाबद्दल बाहेर कुणाशी, घरीसुद्धा, एक शब्द बोलायचा नाही. बरोबर आहे त्यांचं. त्यांना सत्कार आणि अर्ज यांतलं आधी काय ते ठाऊक आहे.

पण लुंबिनी, याचा अर्थ काय झाला, ते कालपासून माझ्या छातीवर बसलं आहे. तुला सांगता येतं. कठीणातली कठीण गोष्ट तू आमच्यासारख्यांच्या ओंजळीत आणून ठेवतेस. तेच तुझं आता बंद होणार. तंत्रनिकेतनातली पोरं दुसऱ्या कुणाकडून शिकतील, पास होतील. उमाबाईंना काजळ आठवेल असं मात्र त्यांना कुणी शिकवणार नाही. आणि तूही पुन्हा कधी असं बोलताना दहादा मागं-पुढं बघशील. पेटंट गेलं याचं दुःख आहेच. हे दुःख त्याच्याहून मोठं आहे, आणि त्यावर मला उपाय दिसत नाही.

निरोपाच्या दिवशी असं बोलू नये, हे मला कळतं. बोलून गेलो. वाचनालयाचे, संयोजकांचे, आरतीताईंचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार. कुणाला शब्द लागला असेल तर म्हाताऱ्याचा म्हणून पोटात घाला.

पोरी, फोनवर मला आता नीट ऐकू येत नाही, तेव्हा पत्र टाक. पडद्याचं काही लिहू नकोस, नोकरी जाईल. त्याशिवाय दुसरं काय लिहायचं ते तुला सुचणार नाही, हेही मला ठाऊक आहे. नाही सुचलं तर कोरा कागद घडी करून घाल. पाकिटावर पत्ता तर तुझ्या अक्षरात असेल. पण लवकर टाक.