समुद्राला दिलेला नारळ

अरे यार, ग्रीसची ती पाच बेटं फिरवणारी शिडाची बोट! आम्ही अमेरिकेतल्या नेपरव्हिलचे दोघं, चार अनोळखी अमेरिकन आणि ग्रीक कॅप्टन. निघताना त्याने बजावलं, "कोणी पाण्यात पडलं तर ओरडा, तिकडे हात दाखवा, नजर हलवू नका."

बंदर सुटलं आणि माझ्या बायकोने, मुग्धाने, इंडियन स्टोअरमधून आणलेला नारळ नमस्कार करून समुद्रात सोडला. धप्प!

"मॅन ओव्हरबोर्ड!" चौघांचे हात एकदम पुढे! कॅप्टनने बोट गर्रकन वळवली, जाळीने नारळ वर काढला. काय टाळ्या पडल्या!

मुग्धा कळवळली, "अहो, तो समुद्राला दिला होता!"

कॅप्टन हसत सुटला. "मग टाका परत. नशीब, एकच आहे."

मुग्धाने बॅगेची चेन उघडली. "एकच कसा? बेटं पाच आहेत ना!"