कप्तानाची सही

न्हाई न्हाई सर, घाई नका करू, सगळं वाचून दाखवते. नांदेडहून एवढ्या उन्हात एसटीनं आलात, रिकाम्या हातानं कसं पाठवीन? पण एक सांगा — निजामाच्या फौजेतल्या कप्तानावर पुस्तक लिहायला निघालात आन् उर्दू येत न्हाई म्हणता! पोहता येत न्हाई आन् निघाले विहीर मोजायला! हसा, हसा. हसायला बंदी न्हाई इथं, नुसतं हळू बोला — आत चार पोरी अभ्यास करून राहिल्यात. कोचिंगवाल्या, माझ्याकडंच भाड्यानं राहतात. भूकंपानंतर लातुरात दोनच गोष्टी वाढल्या, भिंतीच्या चिरा आन् क्लासच्या पाट्या. ही पेटी तरी भूकंपामुळंच खाली आली. सरकारी माणसं म्हणाली, भिंत पडली तर घराचे कागद दाखवा. कागद काढायला गेले, तर त्यांच्या खाली कप्तान निजामोद्दीन साहेबांचे हे सगळे — नेमणुकीचं पत्र, कैदेतून सुटल्याचा कागद, तुम्ही शोधून राहिलात ते परवाने, आन् ही रोजनिशी. मला काय ठाऊक आत काय हाय ते? — बरं, ठाऊक होतं. थोडं.

तर वाचते, लिहून घ्या. 'मंगळवार, चौदा सप्टेंबर अठ्ठेचाळीस. हिंदुस्थानची फौज हद्दीच्या आत आली.' मग इथं शाई पसरली. मग थेट गुरुवार — 'आज अकरा हिंदू कुटुंबांना सोलापूरकडं जायला मी माझ्या सहीनं परवाने दिले.' झालं! रझाकारांच्या चौक्या ओलांडून अकरा घरं वाचवली, लिहा मोठ्या अक्षरात — काय? कुठं बोट ठेवलंत? ते व्हय... ती पंधरा तारीख हाय. बुधवार. तुम्हाला तर वाचता येत न्हाई ना? — आकडे येतात. आकडे कवा शिकलात? आन् पुढचा शब्द? तोबा, तोही ओळखला. हाव, 'बिदर'च हाय ते. आता तुम्ही म्हणाल, बुधवारी कप्तान बिदरला, मग गुरुवारी लातुरात सही कुणी केली. म्हणालच. प्रोफेसर हायत तुम्ही.

बरं, पेन खाली ठेवा. ठेवा म्हणते ना. गुरुवारची ओळ रोजनिशीत न्हाईच, ती मी मनानं वाचली. कप्तान मंगळवारीच गेले. जीपमधी बसून. माझे अब्बा, अमान साहेब, त्यांच्या कचेरीत कातिब होते, हुकूम-पत्रं सगळी त्यांच्या हातची. जाताना कप्तान म्हणाले, 'अमान, कागद जाळ आन् मोहर विहिरीत टाक.' अब्बांनी दोन्ही घरी आणलं. जाळायचा जीव झाला न्हाई, कातिबच तो. बुधवारी समोरच्या गौरम्मा आल्या, सूनबाई आठव्या महिन्यात. म्हणाल्या, 'अमानभाई, कप्तानाची चिठ्ठी द्या, चौकीवर गाड्या अडवून राहिलेत, पोरीचं काय व्हईल?' अब्बांनी बोरू उचलला आन् परत खाली ठेवला. आन् मी चौदा वर्षांची. रोज त्यांच्या शेजारी बसून कप्तानाची सही गिरवायची, टाइमपास म्हणून. आपण काय करणार? लिहिलं. त्यात ठोकून दिलं — 'गाडीत कप्तान साहेबांचं खाजगी सामान हाय, जो कुणी उशीर करील त्याला पंचवीस फटके.' फटके माझ्या मनानं घातले! चौकीवरल्या बाबाला वाचता येत न्हवतं, मोहर बघून त्यानं बैलांना सलाम ठोकला म्हणे. मग काय, गुरुवारी सकाळपासून आमच्या मागल्या दारात रांग. महादेवप्पा आले, त्यांचे भाऊ आले. अकरा लिहिले. तारीख मात्र खरी टाकली, खोटं लिहायचं तरी नीट न्हवतं येत.

मग निजाम हरला, वारं उलटं फिरलं. ते न्हाई सांगत. एवढंच, की आमच्या गल्लीत माणसं आली तवा गौरम्मा परत आलेली होती, आन् आमच्या उंबऱ्यावर विळा घेऊन बसली. दोन दिवस. उठली न्हाई.

तिकडं कप्तान कैदेत. चौकशी झाली, तर ही अकरा घरं परवाने घेऊन उभी — ह्यांनी वाचवलं आम्हाला! कप्तानाला कायबी उमगेना. गप उभे राहिले, सुटले. पुढं दोन वर्षांनी आमच्याकडं आले. चौकशीतून परत मिळालेले परवाने अब्बांच्या पुढं ठेवले आन् म्हणाले, 'अमान, सही माझी हाय. पण माझी उर्दू एवढी वाईट न्हाई.' अकराच्या अकरा ठिकाणी 'ताखीर', म्हणजे तो 'उशीर', मी चुकीचं लिहिलं होतं! अब्बांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. कप्तान उठून उभे राहिले सर, आन् मला — सोळा वर्षांच्या पोरीला — फौजी सलाम केला. मग हळूच म्हणाले, 'हुस्नाला सांगू नका.' हुस्ना म्हणजे बेगम त्यांची. ही पेटी तवाच ठेवून गेले.

ती हुस्ना बेगम हाय अजून, तुमच्या नांदेडात. पंच्याहत्तरीची. नवरा शूर होता, एवढ्यावर जगून राहिली. तिला काय सांगणार? म्हणून म्हणते, अकरा घरं कप्तानांनीच... काय गं तनुजा? आत्ता नको, पाहुणे हायत. — काय न्हाई सर, क्लासचा मार्कांचा कागद हाय. वडील धर्माबादला, सही लागते. तुम्ही तिकडं बघा. — बघा म्हणते ना! — जा, आन् पुढल्या खेपेला गणितात एवढे कमी आणलेस तर खरीच मागवीन.

असं काय बघून राहिलात? हात अजून चांगला हाय, एवढंच.

तुम्ही लिहीत होतात. पेन खाली ठेवलं आन् पेन्सिलीनं लिहीत होतात! खोडा. सगळं खोडा. हुस्ना बेगम हाय तोवर एक अक्षर छापायचं न्हाई, शपथ घ्या. घेतली? — मग राहू द्या. तिच्या माघारी छापा. वाचा बरं, माझं नाव कसं लिहिलंत? — न्हाई, ऱ्हस्व न्हाई. रईसा. दीर्घ ई. नीट लिहा. आन् आता उठा, नळ आलाय, आठ दिवसांनी आलाय. चला.